सातारा ते मुरूड : शाळेच्या वाटेने

पहिला दिवस : पुणे ते सातारा

आमच्या आक्काला महर्षी कर्वे यांचे मुरूड पाहायचे होते आणि मला आमच्या गावची प्राथमिक शाळा. दोन्ही ठिकाणे एकाच वाटेवर येतात, हे मला कर्वे यांच्या लहानपणच्या एका प्रसंगामुळे ठाऊक होते. १८७५च्या सुमारास मराठी सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा सोबत्यांबरोबर पायी निघाला, पावसापाण्यातून कुंभार्ली घाट चढला, शंभर मैलांहून अधिक वाट तुडवून साताऱ्यास पोहोचला, आणि वयाच्या मानाने तो फारच लहान दिसतो या कारणावरून त्याला परीक्षेस बसू न देता परत पाठवण्यात आले. त्याच वाटेवर, घाटाच्या अलीकडे, पाटण तालुक्यात कोयनेच्या काठी आमचे गाव आहे. तेव्हा ती वाट उलट दिशेने, साताऱ्याहून मुरूडकडे, गाडीने करावी आणि मध्ये आपल्या शाळेत थांबावे असे ठरले. महिना मुद्दाम जुलैचा धरला, कारण शाळा भरलेली हवी होती आणि पाऊसही हवा होता.

आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. ती चौथी पास झाली आणि तिची शाळा संपली, कारण पाचवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात होता आणि पावसाळ्यात मुलीच्या जातीला नावेतून पलीकडे पाठवण्यास घरातली वडीलधारी मंडळी तयार नव्हती. तीन वर्षांनी मी चौथी पास झालो तेव्हा नदी तीच होती, नावही तीच होती. मला मात्र पाठवले. ही गोष्ट आमच्या घरात कधी उघडपणे बोलली गेली नाही आणि आक्कानेही ती कधी कुणाला ऐकवली नाही.

शिरवळहून आत वळून आम्ही प्रथम नायगावला गेलो. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी या गावी झाला. त्यांचे घर जतन केलेले असून शेजारी स्मारक आहे. त्या काळी या गावात मुलीने शिकण्याची सोयच नव्हती. त्यांचे शिक्षण लग्नानंतर पुण्यात, जोतीरावांकडून झाले आणि १८४८ साली त्याच पुण्यात त्या मुलींना शिकवू लागल्या. आक्का घरातल्या जात्यापाशी आणि चुलीपाशी बराच वेळ रेंगाळली. मला त्या घरात पाहण्यासारखे फारसे काही सापडले नाही, आणि तिला सगळेच ओळखीचे वाटत होते.

साताऱ्यात दुपारनंतर प्रतापसिंह हायस्कूलकडे गेलो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव नोंदले गेले. २०१७ पासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेबांनी पुढे आपल्या शाळकरी दिवसांबद्दल जे लिहून ठेवले आहे त्यात एक गोणपाट आहे. वर्गात इतरांपासून वेगळे बसण्यासाठी ते त्यांना घरून आणावे लागे आणि शाळा सुटल्यावर घरी न्यावे लागे, कारण वर्ग झाडणारा नोकर त्याला हात लावण्यास तयार नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे. आमच्यासारख्यांना शाळा लांब होती एवढेच. शाळेच्या दारातून आत गेल्यावरही जे अंतर शिल्लक राहते त्याचा आम्हाला अनुभव नव्हता, किंवा असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल की आमच्या वर्गात ज्यांना तो होता त्यांच्याकडे आम्ही कधी लक्ष दिले नाही.

संध्याकाळी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या समाधीचे दर्शन घेतले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी झाली आणि १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. पुढे २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत व एका पंगतीत जेवत. त्या पंगतीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे आमच्या भागात शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. वसतिगृहाचे मोल मला हायस्कूलात गेल्यावर कळले. घरापासून लांब असलेली शाळा जवळ आणायची तर एक तर रस्ता बांधावा लागतो, नाही तर मुलाला शाळेपाशी आणून ठेवावे लागते. भाऊरावांनी दुसरी गोष्ट केली आणि ती स्वस्तात केली: मुले स्वतः शेतात राबत, पाणी भरत, स्वयंपाक करत.

दुसरा दिवस : गावची शाळा

उंब्रजहून पाटणच्या रस्त्याला लागलो आणि मल्हारपेठच्या पुढे भाताची खाचरे दिसू लागली. लावणी चालू होती. गावात पोहोचलो तेव्हा प्रार्थना संपून वर्ग सुरू झाले होते.

आमची शाळा तशी जुनी, पण इमारत जुनी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा दगडमातीची मूळ शाळा पडली. पहाटेची वेळ होती म्हणून वर्ग रिकामे होते. त्यानंतर जी उभी राहिली ती पत्र्याची लांबट शाळा, आणि मी शिकलो ती तीच. माझ्या आठवणीत शाळेचा पहिला आवाज घंटेचा नसून पत्र्यांचा आहे. भूकंपानंतरही कित्येक वर्षे लहानमोठे धक्के बसत राहिले. धक्का आला की जमिनीच्या आधी पत्रे बोलत, मग गुरुजी 'बाहेर' एवढा एकच शब्द उच्चारत आणि चारही वर्ग पटांगणात जाऊन उभे राहत. थोड्या वेळाने आत येऊन आम्ही पाढा जिथे सोडला होता तिथून पुढे म्हणू लागत असू. पुण्यात आल्यावर कळले की बाकीच्या मुलांच्या शाळेत असे काही नसते.

चार वर्ग, दोन गुरुजी आणि मध्ये भिंत नाही अशी ती व्यवस्था होती. पहिली-दुसरीची तोंडे नदीकडे आणि तिसरी-चौथीची डोंगराकडे असत. दोन्ही बाजूंचा फळा वेगळा आणि गोंगाट एकच. त्यामुळे दुसरीतल्या मुलाला तिसरीच्या कविता आधीच पाठ झालेल्या असत. थोरल्या गुरुजींना जुन्या पद्धतीची उजळणी प्रिय होती. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणावे लागत, आणि जो अडीचकीपर्यंत पोहोचे त्याला चावडीवर कुणी अनोळखी माणूस आला की मुद्दाम म्हणायला लावत. क्रमिक पुस्तकांत यातले बरेच काही नव्हते, पण गुरुजींचे म्हणणे असे की बाजारात कुणी पुस्तक उघडून हिशेब करत नाही. आज त्याचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मात्र आक्का चौथी शिकलेली असूनही भाजीवाल्याचा हिशेब त्याच्या आधी करते, तो या उजळणीच्या जोरावर.

पावसाळ्यात शाळेत जाण्याची आमची वेगळी तयारी असे. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ डोक्यावर, खताच्या पिशवीत गुंडाळलेले दप्तर पोटाशी आणि पाय अनवाणी. आमच्या वाडीपासून शाळेपर्यंत दोन ओढे लागत. पाणी चढले की पहिल्या ओढ्यापाशी मोठी मुले लहानांना खांद्यावर घेत, आणि दुसऱ्या ओढ्यापाशी ठरवावे लागे की पुढे जायचे की मागे फिरायचे. आक्का चौथीत आणि मी पहिलीत असताना हा निर्णय तीच घेई. माझ्या आठवणीत ती एकदाही मागे फिरली नाही.

शुक्रवारी दुपारी शाळा सारवण्याचा कार्यक्रम असे. मुलगे शेण गोळा करून आणत आणि ओढ्यावरून पाणी आणत, सारवण मात्र मुलींनीच करायचे. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे ओलसर जमिनीवर बसावे लागे आणि चड्डीला मागे हिरवट डाग पडत. मधल्या सुट्टीत सुकडी वाटली जाई. तिचा गोडसर, थोडा कोंदट वास सांगायला मला शब्द सापडत नाहीत, पण आमच्या वयाच्या कुणाहीपुढे नुसते 'सुकडी' म्हटले तरी पुरते. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा करायची. आणि वर्षातून एकदा 'दिपोटी' येत, म्हणजे शाळा तपासणारे साहेब. त्या दिवशी गुरुजी पहाटेपासून वाडीवाडीवर फिरून गुरे राखायला गेलेली मुले गोळा करत, त्यामुळे साहेबांना दरवर्षी पट पूर्ण भरलेला दिसे.

मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला जनरल रजिस्टर पाहू दिले. माझी जन्मतारीख १ जून, आक्काची १ जून आणि त्या पानावरच्या बहुतेक मुलांची १ जूनच. जून महिन्यात शाळा सुरू होई, आईबापांना तारीख ठाऊक नसे, गुरुजी मुलाचे दात आणि उंची पाहून वर्ष ठरवत आणि महिना-दिवस सरसकट हाच लिहीत. महाराष्ट्राच्या खेड्यांतून आलेल्या एका सबंध पिढीचा वाढदिवस यामुळे एकाच दिवशी येतो. आक्काने पानावर बोट फिरवत म्हटले, "गुरुजींनी एका दिसात गाव जन्माला घातलं की रं." बाईंनी आणखी मागचे एक रजिस्टर दाखवले. ते मोडी लिपीत आहे आणि त्यातला एकही शब्द आम्हा कुणाला वाचता आला नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर अशी जुनी शालेय रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तोवर या वह्यांना वाळवीशिवाय कुणी विचारले नव्हते, असे बाई हसत म्हणाल्या.

आता शाळेला पक्क्या भिंती, फरशी आणि एक मोठा टीव्ही आहे. सुकडीच्या जागी खिचडी शिजते. पट सतरा आहे. आमच्या वेळी एका पहिलीतच याहून अधिक मुले होती. मुंबईला गेलेली घरे, तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या दारात येणाऱ्या गाड्या आणि मुळातच कमी झालेली मुले, अशी तिन्ही कारणे त्यामागे आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. दुसरीकडे २०२३ मध्ये राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले होते. मोठ्या शाळेत खेळाचे मैदान, प्रयोगशाळा आणि प्रत्येक विषयाला शिक्षक मिळतो, हा युक्तिवाद मला समजतो. दोन शिक्षकांनी चार वर्ग शिकवण्यात मुलांचे काय राहून जाते हे मी सोसले आहे. पण शाळा दूर गेली की पहिली कोण गळते, हेही मी घरात पाहिले आहे.

पाचवीसाठी आजही नदीपलीकडे जावे लागते. पूल झाला आहे, एसटी येते आणि मुलींना पासही मोफत आहे. तरी वरच्या वाडीतल्या तीन मुलींना थांब्यापर्यंत डोंगर उतरून यावे लागते आणि आषाढात त्या आठवड्यातून दोन-तीन दिवस घरीच राहतात, असे बाईंकडून कळले. आक्काने त्यांची नावे विचारली. बाकी दिवसभर ती फारशी बोलली नाही. भावकीत जेवणे आणि चहा यांतच संध्याकाळ गेली.

तिसरा दिवस : कुंभार्ली घाट

सकाळी कोयनानगरवरून पुढे निघालो. धरणाच्या वरच्या अंगाला शिवसागराच्या पाण्याखाली जी गावे गेली त्यांत त्यांच्या शाळाही गेल्या, आणि तिथली माणसे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी लांब लांब वसवली गेली. आमचे गाव धरणाच्या खाली असल्यामुळे वाचले. धक्के तेवढे वाट्याला आले.

हेळवाकच्या पुढे घाट सुरू होतो. धुके इतके होते की गाडी पुढच्या वाहनाच्या दिव्याचा माग धरून उतरवावी लागली. गाडीत बसून घाट पाहणाऱ्याला चालणाऱ्याचे कष्ट कळतात असा दावा मी करणार नाही. तरी पोफळीपर्यंत उतरल्यावर मागे वळून त्या भिंतीसारख्या उभ्या डोंगराकडे पाहिले, तेव्हा सतरा वर्षांच्या मुलांनी हे चढण चढून, वर आणखी कित्येक कोस चालून, एका परीक्षेसाठी सातारा गाठणे म्हणजे काय याचा अंदाज आला. आक्काला मी तो प्रसंग पुन्हा सांगितला. "एवढं चालून आल्यालं पोरगं," ती म्हणाली, "त्याला लहान कसं म्हणाले?"

चिपळूण, खेड आणि तेथून दापोली या प्रवासात लिहिण्यासारखे काही नाही. महामार्गावर वाहने होती आणि दापोलीत मुक्कामाला खोली सहज मिळाली.

चौथा दिवस : मुरूड आणि मुर्डी

दापोलीहून मुरूड तासाभराच्याही आत येते. गावात एकच सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना माडा-पोफळींची आगरे, दुर्गादेवीचे देऊळ आणि पलीकडे समुद्र. आता हे गाव किनाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे; आम्ही विचारपूस करत कर्व्यांच्या पुतळ्याशी गेलो तेव्हा तेथे दुसरे कुणी नव्हते.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवली येथे झाला आणि बालपण मुरूडला गेले. ते पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले, त्यांनी विधवांसाठी हिंगण्याला आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारले आणि वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले. हे सर्व पाठ्यपुस्तकांत येते. माझ्या दृष्टीने या प्रवासातली महत्त्वाची गोष्ट क्वचित सांगितली जाते. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तेथे प्राथमिक शाळा काढणे हा त्याचा हेतू होता. विद्यापीठ काढून झाल्यावर माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गाकडे वळला. साताऱ्याची पायपीट या निर्णयामागे होती असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण तसे मानायला मला आवडते.

दुपारी हर्णैवरून आंजर्ल्याकडे आणि पुढे मुर्डीला गेलो. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या मुर्डीचे, कर्व्यांचे नात्याने भाऊ. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे मानकरी, ठरले, आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते. मुर्डी हे डोंगराच्या कुशीतले एवढेसे गाव आहे आणि तेथून केंब्रिज कसे दिसत असेल याची कल्पना करता येत नाही. अशा उदाहरणांचे एक वाईट असे की ती सांगून आपण बाकीच्यांना गप्प बसवतो. 'ते नाही का शिकले?' असे म्हणणे सोपे असते. मुरूड-मुर्डीच्या त्याच आगरांतून त्याच काळी किती मुली शाळेच्या पायरीपर्यंतही पोहोचल्या नाहीत, त्यांचा पुतळा नसतो.

पाचवा दिवस : पालगड आणि परत

परतताना वाट थोडी वाकडी करून पालगडला गेलो. साने गुरुजींचा जन्म येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला. घर स्मारक म्हणून राखले आहे. पुढच्या शिक्षणासाठी ते दापोलीच्या इंग्रजी शाळेत राहिले आणि सुट्टीला घरी येताना हे वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर पायी तोडत. येताना आम्ही ती वाट सावकाश पाहिली. चढउतार पुष्कळ आहेत, सावली भरपूर आहे आणि ओढे तर मोजावेत तितके थोडे.

खेडच्या पुढे पाऊस उघडला तेव्हा आक्काने माझा फोन घेऊन मुख्याध्यापिका बाईंना लावला. वरच्या वाडीहून नदीपलीकडच्या शाळेपर्यंत वडापची, म्हणजे माणशी भाडे घेऊन चालणारी, जीप महिन्याला किती घेईल, हे तिने विचारले. बाईंनी सांगितलेला आकडा तिने दोनदा वदवून घेतला, तीन मुलींचा हिशेब माझ्या आधी केला आणि म्हणाली, "पावसाचं चार महिनं मी देते, बाई. पुढं उघडीप झाल्यावर चालू देत की पोरी. आम्ही नाही का चाललो. पण जीपवाल्याला सांगा, पैसं महिना भरल्यावर मिळत्याल, आगाऊ नाही."